काथ्या, काच आणि पदवी

आजच्या व्याख्यानाचा विषय पत्रिकेत जरा लांबलचक छापला आहे. मोटार उद्योगासाठी पॉलिमर कंपोझिटचं पदवी आणि पदव्युत्तर प्रशिक्षण. त्यामुळे काही पालक प्रवेशाची माहिती मिळेल म्हणून आले असतील, तर त्यांची आधीच माफी मागतो. कुठे किती जागा, फी किती, हे मी सांगणार नाही. मी आज एका मजकुराची समीक्षा करणार आहे, आणि तो मजकूर म्हणजे अभ्यासक्रम. आपण कादंबरीची समीक्षा करतो, नाटकाची करतो, गेला बाजार मालिकांचीही करतो. पण ज्या चार-सहा छापील पानांवर मुलाची दोन वर्षं आणि आईबापांची शिल्लक लागते, ती पानं कुणी पुस्तकासारखी वाचत नाही. ती फक्त झेरॉक्स केली जातात.

कुठल्या एका विद्यापीठाचं नाव मी घेणार नाही, कारण त्याची गरजच नाही. कंपोझिटच्या अभ्यासक्रमाचा ढाचा सगळीकडे जवळजवळ तोच. पहिल्या घटकात व्याख्या आणि वर्गीकरण, दुसऱ्यात तंतू आणि आधारद्रव्य, तिसऱ्यात थरांचं गणित, चौथ्यात बनवण्याच्या पद्धती, पाचव्यात चाचण्या आणि सगळ्यात शेवटी, वेळ उरला तर, उपयोग. मोटारगाडी त्या शेवटच्या घटकात येते. विमान, रॉकेट, टेनिसची रॅकेट यांच्यानंतर स्वल्पविराम देऊन.

आता हे पेणमध्ये आणि रोह्यात का बोलायचं? पुण्यात बोलायला हवं, असं कुणीतरी मला विचारलंही. माझं उत्तर असं की, या दोन गावांच्या मधल्या पट्ट्यात गाडीचा जवळजवळ सगळा कच्चा माल तयार होतो. पेण तालुक्यात डोलवीला पोलाद आहे. आधी इस्पात होती, 2010 मध्ये ती जेएसडब्ल्यूकडे गेली. रोहा तालुक्यात नागोठण्याला पेट्रोकेमिकल संकुल आहे. ते आयपीसीएलचं होतं, 2002 मध्ये निर्गुंतवणुकीत रिलायन्सकडे गेलं. तिथे वायूपासून इथिलीन, प्रोपिलीन आणि त्यांच्यापासून प्लास्टिकचे दाणे होतात. धाटावच्या एमआयडीसीत रसायनं आहेत. शेजारी अलिबाग तालुक्यात उसरला गेल कंपनीने वर्षाला 5 लाख टन पॉलिप्रॉपिलीनचा प्रकल्प हाती घेतला. म्हणजे पत्रा इथला, प्लास्टिक इथलं, आणि गाडी मात्र चाकणला. दाणे गोणीत भरून घाट चढतात आणि बंपर होऊन एखाद्या गाडीबरोबर परत मुंबई-गोवा रस्त्यावर येतात. मधल्या प्रवासात त्या दाण्यांचं काय होतं, ते इथल्या बीएस्सी झालेल्या मुलाला कुणी शिकवलेलं नसतं. माझी तक्रार मुख्यतः त्या मधल्या भागाबद्दल आहे.

ज्यांचा या शास्त्राशी संबंध नाही त्यांच्यासाठी कंपोझिट म्हणजे काय ते आधी सांगतो. पेणकरांना ते सांगणं म्हणजे खरं तर आगाऊपणा आहे. तुमच्या गणपतीच्या कारखान्यात प्लास्टरच्या मालात काथ्या घालतात. का घालतात? नुसतं प्लास्टर ठिसूळ. वाहतुकीत हात तुटतो, सोंड तुटते, पाट उचलताना चीर जाते. काथ्या घातला की चीर जाते पण तुकडा गळून पडत नाही. हेच कंपोझिट. एक पदार्थ आकार धरतो, दुसरा ताण घेतो, आणि दोघांनी एकमेकांना सोडायचं नाही. अभ्यासक्रमात हे पहिल्याच पानावर असतं, पण उदाहरण असतं कार्बन आणि इपॉक्सीचं, जे पाहायला मुलाला बंगळुरूला जावं लागेल.

पण इथे मला दुसऱ्या बाजूलाही टोकायचं आहे. अलीकडे व्याख्यानांतून एक फॅशन आली आहे. आपल्याकडे हे सगळं आधीपासूनच होतं, मूर्तिकार म्हणजेच मूळचे कंपोझिट इंजिनिअर, वगैरे. टाळ्या मिळतात. शास्त्र मात्र तिथेच थांबतं. नीट बघा. प्लास्टर अगदी थोडंसं ताणलं तरी तुटतं, एक टक्कासुद्धा लागत नाही. काथ्या त्याच्या लांबीच्या पंधरा ते तीस टक्के ताणला जातो. म्हणून प्लास्टरला चीर गेली की काथ्या पुलासारखा तिच्या दोन्ही कडा धरून राहतो. आता हाच काथ्या पॉलिप्रॉपिलीनमध्ये घाला. पॉलिप्रॉपिलीन स्वतःच भरपूर ताणलं जातं. त्याला चिरेवर पूल नको आहे, त्याला ताठरपणा हवा आहे, आणि तो द्यायला काथ्या कमी पडतो. त्याच्यात लिग्निन चाळीस टक्क्यांच्या वर, सेल्युलोज त्या मानाने थोडं, आणि त्या सेल्युलोजच्या दोऱ्याही तिरप्या वेटोळ्यात बसलेल्या. काचेचा तंतू ताकदीत त्याच्या दहापट तरी पुढे. शिवाय काथ्या पाणी पितो आणि प्लास्टिकला धरत नाही, त्यासाठी तो कॉस्टिकमध्ये धुवावा लागतो. म्हणून गाड्यांमध्ये काथ्याने नाव काढलं ते बैठकीच्या गादीत, रबरात बुडवून. भार पेलणाऱ्या भागात नाही. म्हणजे एकाच तंतूची एका आधारद्रव्यात कमाल आणि दुसऱ्यात फजिती. हा प्रश्न परीक्षेत विचारला तर किती छान! पण परीक्षेत येतं ते ‘नैसर्गिक तंतूंचे फायदे लिहा, 5 गुण’.

बरं, आता थरांच्या गणिताकडे येऊ. अभ्यासक्रमातला सगळ्यात जाड भाग तो. कार्बनचे किंवा काचेचे लांब अखंड तंतू एका दिशेने ठेवलेले पातळ थर, एकावर एक, वेगवेगळ्या कोनांत. मग त्यांचे आव्यूह मांडायचे, कुठला थर आधी फाटेल ते काढायचं. सुंदर गणित आहे, मला त्याचा राग नाही. पण ते आलं कुठून? विमानांतून आणि क्षेपणास्त्रांतून. जोन्स यांचं 1975 चं पुस्तक हे या विषयाचं पाठ्यपुस्तक मानलं जातं आणि त्याचा जीव त्या जगात आहे. आपल्याच आयआयटी कानपूरच्या अगरवाल यांनी ब्राउटमन यांच्याबरोबर 1980 मध्ये लिहिलेल्या पुस्तकात तुटक, आखूड तंतूंवर स्वतंत्र प्रकरण आहे. मलिक यांचं पुस्तक आहे. ते मिशिगन विद्यापीठाच्या डिअरबॉर्नच्या शाखेत शिकवत, आणि डिअरबॉर्न म्हणजे फोर्डचं गाव. म्हणजे पुस्तकं आहेत, संदर्भयादीत त्यांची नावंही असतात. शिकवताना मात्र जोन्स यांची प्रकरणं तासन्‌तास चालतात आणि आखूड तंतूंचं प्रकरण एका तासात उरकलं जातं. मी पाहिलेल्या प्रश्नपत्रिकांत तर ते नसतंच.

आणि मोटारीत काय असतं? बहुतांशी आखूड तंतूच.

एक साधा हिशेब करू. वर्षाला 2 लाख गाड्या काढणारा कारखाना धरा. वर्षाचे 300 दिवस, दोन पाळ्या, म्हणजे दिवसाचे 16 तास. दिवसाला साधारण 667 गाड्या, म्हणजे दर 86 सेकंदांना एक. त्या गाडीचा प्रत्येक भाग त्याच चालीने यायला हवा. विमानाचा पंख भट्टीत तासन्‌तास भाजला तरी चालतो. बंपर तसा भाजत बसलात तर लाइन बंद पडेल. बीएमडब्ल्यूने 2013 मध्ये आय-3 ही गाडी कार्बन तंतूंच्या सांगाड्यावर काढली, त्यासाठी वेगळे कारखाने उभारले, आणि 2022 मध्ये ती बंद झाली. मोठा, धाडसी प्रयोग होता. पण अभ्यासक्रम वाचला तर वाटावं की सगळा मोटार उद्योग त्याच वाटेने चालला आहे. प्रत्यक्षात तो चालतो इंजेक्शन मोल्डिंगवर. दाणे टाका, स्क्रू फिरवा, वितळलेला माल साच्यात मारा, थंड करा, काढा.

गाडीचा कुठलाही प्लास्टिकचा भाग उलटा करून पाहा. मागच्या बाजूला बारीक अक्षरं कोरलेली असतात. ‘पीए66-जीएफ30’ म्हणजे नायलॉन, त्यात तीस टक्के काच. बंपरच्या आत ‘पीपी+ईपीडीएम-टीडी20’ असं काहीतरी, म्हणजे पॉलिप्रॉपिलीनमध्ये रबर आणि वीस टक्के टाल्क. टाल्क म्हणजे तुमच्या पावडरच्या डब्यातला तो शंखजिराच. ही अक्षरं म्हणजे या विषयाची बाराखडी आहे. एम.टेक.च्या मुलाला थरांचा आव्यूह येतो आणि बाराखडी येत नाही, अशी उदाहरणं मी मुलाखतींत भरपूर पाहिली. मुलांचा दोष नाही. त्यांना कुणी गॅरेजमध्ये नेलंच नाही.

या आखूड तंतूंच्या पोटात शिरलं की विषय किती खोल आहे ते कळतं. तंतू प्लास्टिकला ताठ करतो, कारण आजूबाजूचं प्लास्टिक त्याला दोन्ही टोकांकडून घट्ट धरून त्याच्यावर ताण ढकलतं. पकड पुरेशी हवी असेल तर तंतूला एक किमान लांबी लागते. नाहीतर तो तुटण्याआधी उपटून बाहेर येतो, ओल्या जमिनीतून गवताची काडी यावी तसा. 13 मायक्रॉन जाडीचा काचेचा तंतू घ्या, पॉलिप्रॉपिलीनची पकड साधारण धरा, तर ही किमान लांबी सव्वा मिलिमीटरच्या आसपास येते. दाण्यांचा कारखाना तीन-साडेचार मिलिमीटरचा तंतू विकत घेतो. म्हणजे भागलं? नाही. तो तंतू आधी मिश्रण करणाऱ्या स्क्रूमधून जातो, मग मोल्डिंगच्या स्क्रूमधून, मग साच्याच्या अरुंद तोंडातून. प्रत्येक ठिकाणी तुटतो. तयार भागात उरतो अर्धा मिलिमीटर किंवा त्याहूनही कमी. किमान लांबीच्या निम्मासुद्धा नाही!

मग उपाय दोन. एक, तंतू कमी तुटेल असं करा: स्क्रूची रचना, वेग, तापमान, किंवा मुळात दहा-बारा मिलिमीटरचे लांब तंतू असलेले दाणे घ्या. दोन, पकड वाढवा. पॉलिप्रॉपिलीन काचेला स्वतःहून धरत नाही. तेल आणि पाण्यासारखं त्यांचं वैर. त्यात मॅलेइक ॲनहायड्राइड जोडलेलं पॉलिप्रॉपिलीन थोडं टाकतात. ते मध्यस्थाचं काम करतं. पकड दुप्पट झाली की किमान लांबी निम्मी होते. आता मला सांगा, हा मध्यस्थ कुणाचा प्रांत? रसायनशास्त्राचा. धाटावच्या कारखान्यात काम केलेल्या, सेंद्रिय रसायन येणाऱ्या मुलाचा. पण आपल्याकडे कंपोझिट हा विषय मेकॅनिकल विभागाच्या कपाटात आहे आणि रसायन शिकलेल्या मुलाला ते कपाट उघडायची परवानगी नाही. रायगडातलं तंत्रशास्त्र विद्यापीठ लोणेऱ्याला, माणगाव तालुक्यात, 1989 पासून आहे. तिथे पेट्रोकेमिकलचंही शिक्षण मिळतं. मुंबईत माटुंग्याला पूर्वीची यूडीसीटी, म्हणजे आजची आयसीटी, तिथे पॉलिमरचा स्वतंत्र विभाग आहे, डॉ. माशेलकर त्याच संस्थेतून पुढे आले. म्हणजे रसायनाच्या बाजूने शिकवणारी घरं महाराष्ट्रात आहेत. मेकॅनिकलच्या बाजूची तर गल्लोगल्ली. दोघांमध्ये जी भिंत आहे तिच्यावरच नेमका मोटारीचा भाग उभा आहे.

आता हातांबद्दल. फायबरचं काम पेणला आणि किनाऱ्यावरच्या गावांत नवीन नाही. मूर्तीच्या रबरी साच्याला बाहेरून फायबरचं कवच करतात, मासेमारीच्या होड्या फायबरच्या होतात. मॅट पसरायची, रेझिन ओतायचं, ब्रशने आणि रोलरने हवा काढायची. या कामात एक नियम पोरगं पहिल्या दिवशी शिकतं: कोबाल्ट आधी रेझिनमध्ये पूर्ण मिसळ, मगच हार्डनर घाल. कोबाल्ट आणि हार्डनर थेट एकमेकांत पडले तर भडका उडतो, स्फोटही होतो. पाठ्यपुस्तकात हे सापडेल का? क्वचित. ‘हाताने थर देण्याची पद्धत’ या शीर्षकाखाली एक आकृती आणि फायदे-तोटे असतात. उलट त्या पोराला कुणी हे सांगितलेलं नसतं की रेझिनचा जो उग्र वास येतो तो स्टायरिनचा आहे, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2018 मध्ये स्टायरिनला ‘बहुधा कर्करोगकारक’ या गटात टाकलं. बंद खोलीत, तोंडाला रुमाल बांधून तो आठ तास काम करतो. एकाला वर्गातलं ज्ञान, एकाला हातातलं, आणि जीव मात्र दुसऱ्याचा जातो. पदवीच्या शिक्षणात हवा खेळती ठेवण्याचा, हातमोज्यांचा, मास्कच्या गाळणीचा एक तास नसावा? मला हे विसरणं वाटत नाही. अभ्यासक्रम लिहिणाऱ्याने स्वतः कधी रेझिन ओतलं नाही, इतकाच त्याचा अर्थ.

प्रशिक्षण म्हटलं की लोक शिकाऊ उमेदवारीकडे बोट दाखवतात. कायदा 1961 चा आहे. 2019 च्या नियमांनुसार 30 किंवा अधिक माणसं असलेल्या आस्थापनेला अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ घेणं भाग आहे, आणि पदवीधराला किमान 9000 रुपये विद्यावेतन ठरलं. राज्याने 2024 मध्ये युवा कार्य प्रशिक्षण योजना आणली, तिच्यात पदवीधराला 10000. ठीक आहे, पैसा मिळतो, घरी दोन घास जातात, त्याला मी नावं ठेवणार नाही. पण अशी योजना सगळ्या क्षेत्रांना एकच. पोरगा कारखान्यात गेला की त्याला कुठल्या यंत्रावर किती दिवस, काय मोजायचं, कुणाला दाखवायचं, हे कारखान्याच्या मर्जीवर. मग तो नोंदवही भरतो, नमुने इकडून तिकडे नेतो. फार तर वितळलेल्या मालाचा प्रवाह मोजायला शिकतो: 230 अंश, 2.16 किलो वजन, दहा मिनिटांत किती ग्रॅम. हा आकडा काय सांगतो आणि काय लपवतो, हे विचारायला त्याच्या कॉलेजातलं कुणी तिथे येत नाही. वर्ष संपलं की प्रमाणपत्र, आणि पुढच्या वर्षी त्याच खुर्चीवर दुसरा पोरगा. याला प्रशिक्षण म्हणायचं की स्वस्त पाळी, ते तुम्ही ठरवा.

आणखी एका गोष्टीबद्दल अभ्यासक्रम संपूर्ण गप्प आहे आणि तिथे मात्र पेणकर त्याच्या पुढे आहेत. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने 2020 मध्ये प्लास्टरच्या मूर्तींविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वं काढली तेव्हापासून या गावाने एकच प्रश्न ऐकला आहे: विसर्जनानंतर काय? न्यायालयातल्या वादात मी शिरत नाही, तुमच्या पोटाचा प्रश्न आहे तो. पण वस्तू वापरून झाल्यावर तिचं काय होतं, हा प्रश्न इथल्या प्रत्येक कारखानदाराला तोंडपाठ आहे. कंपोझिटच्या एम.टेक.ला तो विचारलाच जात नाही.

पूर्व जर्मनीत ट्राबांट नावाची गाडी होती. 1957 ते 1991, तीस लाखांहून जास्त निघाल्या. तिचं अंग पत्र्याचं नव्हतं, टाकाऊ कापूस आणि फिनॉलचं रेझिन दाबून केलेलं होतं. पोलाद कमी होतं, कापसाचा चोथा होता, म्हणून काढलेली अक्कल. गंजायची नाही. पण देश एक झाल्यावर लोकांनी त्या रस्त्यात सोडल्या, तेव्हा कळलं की हे अंग वितळत नाही, परत कशात वापरता येत नाही. युरोपाने पुढे 2000 साली कायदा केला आणि 2015 पासून गाडीच्या वजनाचा 85 टक्के भाग पुनर्वापरात किंवा पुनर्चक्रणात गेलाच पाहिजे असं बंधन घातलं. आपल्याकडे आयुष्य संपलेल्या वाहनांचे नियम 1 एप्रिल 2025 पासून लागू झाले. त्यात उत्पादकाची जबाबदारी मोजली जाते पोलादावर. पोलादाला भंगारवाला भाव देतो, हे त्याचं साधं कारण. काच मिसळलेल्या नायलॉनला कोण भाव देणार? दुसरीकडे सरकारच गाड्या हलक्या करा म्हणतं: 2017-18 पासून सरासरी 130 ग्रॅम कार्बन डायऑक्साइड प्रति किलोमीटर, 2022-23 पासून 113. हलकं करायचं तर पत्रा काढून प्लास्टिक घाला. म्हणजे एक नियम कंपोझिट वाढवतो आणि दुसरा ते मोजत नाही. हे दोन नियम शेजारी ठेवून वर्गात एक तास वाद घातला असता, तर मुलांना उद्याची नोकरी कुठे आहे तेही दिसलं असतं.

कुणी म्हणेल, टीका सोपी आहे, यंत्रं आणायची कुठून? इंजेक्शन मोल्डिंगचं यंत्र महाग, थरांचं गणित फळ्यावर फुकट. हे खरं आहे, आणि अभ्यासक्रम असे का झाले याचं अर्धं उत्तर तेच आहे. म्हणून एक प्रयोग सांगतो, जो पेणच्या किंवा रोह्याच्या कुठल्याही शास्त्र शाखेच्या कॉलेजात होऊ शकतो. गॅरेजमधून काच मिसळलेल्या नायलॉनचा एक तुटका भाग आणा, मागची अक्षरं वाचून. शक्य झालं तर त्याच जातीचे मूठभर कोरे दाणे मिळवा. दोन्हींचे काही ग्रॅम काटेकोर तोला, मुशीत घाला, मफल भट्टीत साधारण 600 अंशांवर ठेवा, अर्थात धूर बाहेर काढणाऱ्या कपाटात. प्लास्टिक जळून जाईल. राहील ती काच. परत तोला, तीस टक्के येतात का पाहा. मग ती राख पाण्यात हलकेच पसरून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवा आणि दोनशे-तीनशे तंतूंची लांबी मोजा, आधी दाण्यातल्या, मग तयार भागातल्या. दोन आलेख काढा. त्यानंतर बंपरचा तुकडा जाळा. तिथे तंतू दिसणारच नाहीत, पांढरी भुकटी उरेल, आणि का, ते मुलांनी सांगायचं.

भट्टी, तराजू, सूक्ष्मदर्शक. तिन्ही वस्तू बीएस्सीच्या प्रयोगशाळेत बहुधा आहेत. दोन आलेखांत तंतू कुठे आणि किती तुटला ते दिसतं. पण दाणा बनवताना तुटला की साच्यात जाताना, आणि त्यातलं किती टाळता आलं असतं, हे विचारायला त्या मुलांना दाणे बनवणाऱ्याच्या आणि मोल्डिंगवाल्याच्या दारात जावं लागेल. पहिलं दार नागोठण्याच्या बाजूला शोधता येईल, दुसऱ्यासाठी घाट चढावा लागेल. बस आहे.

मी इथे थांबतो. पुढच्या रांगेत मघापासून एक हात वर आहे, त्यांच्यापासून प्रश्न घेऊ.